जुन्या आउटबोर्ड मशीनचे कॉम्प्रेशन का पडले, हे शोधण्याची पद्धत

कोकण किनाऱ्यावरच्या लहान होड्यांना मागे लावलेली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन वर्षानुवर्षे चालतात, आणि त्यांतली कितीतरी आज मूळ मालकाच्या पुढच्या पिढीच्या हातात आहेत. अशा मशीनची दोरी हाताला हलकी लागू लागली, सकाळी सुरू व्हायला वेळ लागू लागला किंवा भरल्या होडीला पूर्वीची ओढ मिळेनाशी झाली, की ‘कॉम्प्रेशन गेले, पिस्टन-रिंग टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. त्यातला पहिला भाग पुष्कळदा खरा असतो. दुसरा भाग मात्र निदान न करताच सांगितलेला असतो. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर जाताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, कमी होणे हे लक्षण आहे. त्यामागे चिकटलेली रिंग, फुटलेले हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याचे झाकण असलेले हेड यांमधला दाब अडवणारा पातळ थर), घासलेला बोअर (सिलिंडरची आतली भिंत) किंवा पिस्टनला पडलेले भोक यांपैकी काहीही असू शकते, आणि त्याच्याही मागे बंद पडलेला पाण्याचा पंप किंवा चुकीचे ऑइल असू शकते. मूळ कारण न शोधता नवा पिस्टन बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. म्हणून पुढे दिलेला क्रम काहीही न उघडता करायच्या तपासणीपासून सुरू होतो आणि ब्लॉक उघडण्याचा टप्पा शेवटी येतो. हा क्रम पाळावा, असा माझा आग्रह आहे.

दाब कुठून येतो

टू-स्ट्रोक मशीनमध्ये पिस्टन वर जाऊ लागला तरी दाब लगेच तयार होत नाही. आधी ट्रान्स्फर पोर्ट (ताजे मिश्रण येण्याचे भोक) आणि नंतर एक्झॉस्ट पोर्ट (धूर जाण्याचे भोक) पिस्टनने झाकला गेल्यावरच सिलिंडर बंद होतो आणि खरे कॉम्प्रेशन सुरू होते. त्यामुळे गाडीच्या फोर-स्ट्रोक इंजिनावर दिसणारे आकडे इथे अपेक्षित धरू नयेत. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये दाब दोन ठिकाणी लागतो: पिस्टनच्या वर आणि पिस्टनच्या खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) ज्यात असतो त्या बंद पेटीत. खालचा दाब कमी पडला, म्हणजे रीड व्हॉल्व्हची (मिश्रण आत घेणाऱ्या एकमार्गी झडपेची) पाती तुटली किंवा क्रँकचे सील गळू लागले, तरी मशीनची ताकद जाते आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटे उडते. पण कॉम्प्रेशन गेजवर त्याचा पत्ता लागत नाही. गेजचा आकडा चांगला आहे आणि तरीही मशीन ओढत नाही, अशी तक्रार असेल तर आधी तिकडे पाहावे.

आउटबोर्डची आणखी एक गोष्ट पुढच्या प्रत्येक टप्प्यात महत्त्वाची ठरते. क्रँक उभा असल्यामुळे सिलिंडर आडवे असतात आणि हेड होडीच्या मागच्या दिशेला असते. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी किंवा टाकलेले ऑइल पिस्टनच्या माथ्यावर पसरून राहत नाही, ते बोअरच्या खालच्या बाजूला साचते. पावसाळाभर बंद राहिलेल्या मशीनमध्ये गंजाचा पट्टा बहुधा तिथेच सापडतो.

गेज लावण्याआधी

किल स्विचची (मशीन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढावी, इंधनाची नळी सोडवावी आणि मशीन न्यूट्रलमध्ये ठेवावे. मग वरचे कव्हर काढून फ्लायव्हील हाताने, वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, सावकाश फिरवावे. उलट फिरवू नये, कारण पाण्याच्या पंपातल्या रबरी इंपेलरची पाती त्या दिशेने वाकलेली नसतात आणि ती मोडू शकतात. दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये एका फेऱ्यात दोनदा अडखळल्यासारखे लागते. ते दोन्ही अडथळे सारखे लागले पाहिजेत. एक कडक आणि दुसरा गुळगुळीत लागत असेल तर दोष कोणत्या बाजूला आहे, हे अवजार न लावताच कळले.

त्यानंतर प्लग काढावेत आणि कोणता वरचा, कोणता खालचा हे लिहून ठेवावे. एक प्लग काळा आणि ओला, दुसरा तपकिरी आणि कोरडा असेल तर ओल्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाही. प्लगचे टोक वाफेने धुतल्यासारखे स्वच्छ असेल किंवा त्यावर गंज असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे, आणि हेड गॅस्केटवर संशय घ्यायला तेवढे पुरे आहे. टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते मणी दिसले तर पिस्टन वितळू लागला आहे. अशा वेळी मशीन एकदाही सुरू करू नये.

मोजणी

गेज आटे फिरवून बसवायचा घ्यावा. रबरी शंकू दाबून धरायचा गेज एकट्या माणसाला नीट धरता येत नाही आणि दोन मोजण्यांत हात थोडा हलला तरी आकडा बदलतो. बहुतेक आउटबोर्डच्या प्लगचे आटे १४ मिलिमीटरचे असतात, पण आट्यांची लांबी वेगवेगळी असते. एनजीकेच्या बी७एचएस या प्लगची ती १२.७ मिलिमीटर आहे, तर बी७ईएसची १९ मिलिमीटर. लांब आट्यांचा जोड आखूड आट्यांच्या हेडमध्ये पूर्ण घट्ट केला तर तो आत घुसून पिस्टनवर आपटू शकतो.

गेजची एकमार्गी झडप कुठे आहे, हेही पाहावे, कारण लहान मशीनच्या बाबतीत या एका गोष्टीने पूर्ण निदान चुकते. झडप प्लगच्या भोकाकडच्या टोकाला असेल तर मोजणी खरी येते. ती डायलजवळ असेल तर मधली नळी सिलिंडरचाच भाग बनते. हिशेब करून पाहा: ६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या आणि ४० सेंटिमीटर लांबीच्या नळीत सुमारे ११ घन सेंटिमीटर जागा असते. यामाहाच्या २४६ सीसी, १५ अश्वशक्तीच्या मशीनमध्ये एका सिलिंडरचे आकारमान १२३ सीसी असते आणि पिस्टन पूर्ण वर असताना उरणारी जागा साधारण १२ ते २० घन सेंटिमीटर. त्या जागेत आणखी ११ ची भर पडली तर धडधाकट मशीनसुद्धा आजारी दिसते. ७०३ सीसीच्या, ४० अश्वशक्तीच्या मशीनवर तोच गेज इतका फसवत नाही.

मोजणी गरम मशीनवर करावी. आउटबोर्ड पाण्याशिवाय चालवायचे नाही, त्यामुळे पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून किंवा होडीवरच पाण्यात पाच-दहा मिनिटे चालवून घ्यावे. मशीन सुरूच होत नसेल तर थंड मोजणी चालेल, फक्त तशी नोंद करावी. मग पुढील क्रम ठेवावा.

१. दोन्ही प्लग काढावेत. एकच प्लग काढून मोजले तर दुसऱ्या सिलिंडरच्या दाबामुळे मशीन हळू फिरते.

२. प्लगच्या टोप्या मोकळ्या लोंबू देऊ नयेत. त्यांत जुने प्लग खोचून त्यांची धातूची बाजू ब्लॉकला टेकवावी. मोकळी ठिणगी सीडीआय युनिटला (ठिणगी तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला) मारक असते, आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ उडत असताना ती जिवालाही धोकादायक असते.

३. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा. बऱ्याच मशीनमध्ये न्यूट्रलमध्ये मूठ पूर्ण फिरत नाही. तशा वेळी कार्बोरेटरवरची पाकळी हाताने उघडून तारेने बांधावी. चोक बंद राहिलेला नाही, हेही पाहावे.

४. गेज बसवून दोरी पूर्ण लांबीने, जोरात आणि सारख्या वेगाने ओढावी. पहिल्या ओढीला काटा कुठे गेला ते लिहावे, मग काटा वर चढायचा थांबेपर्यंत ओढत राहावे आणि शेवटचा आकडा लिहावा. बहुधा पाच-सहा ओढींत काटा स्थिरावतो. सेल्फ-स्टार्टर असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली हवी.

५. दुसऱ्या सिलिंडरवर त्याच माणसाने तितक्याच ओढी घ्याव्यात आणि दोन्ही मोजण्या एकदा पुन्हा कराव्यात.

पहिल्या ओढीचा आकडा वाया जात नाही. चांगल्या सिलिंडरमध्ये काटा पहिल्याच ओढीला निम्म्याहून वर उडी घेतो. काटा थोडाथोडा चढत शेवटी बऱ्यापैकी आकड्याला पोहोचत असेल तर दाब तयार होतो आहे, पण रिंगांच्या बाजूने हळूहळू गळतोही आहे.

आकड्यांचा अर्थ

त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा हाच प्रमाण मानावा. तो हाताशी नसेल तर पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये १०० ते १३० पीएसआय, म्हणजे सुमारे ७ ते ९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, हे चांगल्या प्रकृतीचे लक्षण धरतात. जुन्या मशीनमध्ये दोन्ही सिलिंडर ९० च्या आसपास आणि सारखे असतील तर ते अजून बरेच चालेल. ७५ च्या खाली सुरू करण्याचा त्रास वाढतो, आणि ६० च्या खाली दोरीने सुरू होण्याची आशा धरू नये. मात्र केरोसिनवर चालण्यासाठी बनवलेल्या मॉडेलचे कॉम्प्रेशन कारखान्यातूनच मुद्दाम कमी ठेवलेले असते, त्यामुळे त्याला पेट्रोलच्या मशीनचा मापदंड लावून चांगले मशीन उघडू नये. जुन्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डच्या कॅमशाफ्टवर पुष्कळदा सुरू करताना दाब सोडणारी यंत्रणा असते. तिथेही गेज खऱ्यापेक्षा कमीच दाखवतो.

एकूण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक मला अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण गेजची चूक, ओढणाऱ्याचा जोर आणि थंडपणा या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच लागू होतात. फरक मोठ्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत असावा. एका बाजूला ११० आणि दुसऱ्या बाजूला ८४ असेल तर फरक २६ चा, म्हणजे जवळजवळ २४ टक्के झाला. तिथे दोष नक्की आहे. उलट, ८८ आणि ८५ अशी जोडी आली तर मशीन म्हातारे आहे एवढेच कळते.

दोन्ही आकडे सारखेच आणि फार कमी आले, तर मशीनला दोष देण्याआधी मोजणी तपासावी: थ्रॉटल उघडा होता का, गेजचे वॉशर बसले होते का, हाच गेज दुसऱ्या चांगल्या आउटबोर्डवर किती दाखवतो? १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मशीन उभे राहिले असेल तर रिंगा आणि बोअर कोरडे पडलेले असतात. चोक ओढून ओढून सिलिंडरमध्ये पेट्रोल भरले असेल तर त्यानेही ऑइलचा थर धुतला जातो. दोन्ही प्रसंगी थोडे ऑइल टाकून, मशीन चालत असेल तर चालवून, नंतर पुन्हा मोजावे. हे सगळे पाहिल्यावरही दोन्ही आकडे कमीच राहिले, तर दोन्ही सिलिंडर सारखेच झिजले आहेत किंवा दोघांमधल्या पट्टीवर हेड गॅस्केट जळले आहे.

ऑइल टाकून दुसरी मोजणी

कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजल्यास रिंगांच्या फटी तात्पुरत्या भरतात. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंग किंवा बोअरमधून होती; जागचा हलला नाही तर हेड गॅस्केट, हेडची चीर किंवा पिस्टनचे भोक यांच्याकडे पाहावे. हे तत्त्व बरोबर आहे, पण फोर-स्ट्रोक गाडीसाठी सांगितलेली कृती आउटबोर्डला जशीच्या तशी लावली तर उत्तर चुकते. सिलिंडर आडवा असल्याने ऑइल एका बाजूला वाहून जाते. म्हणून मशीन पूर्ण वर उचलून ठेवावे, म्हणजे प्लगची भोके वरच्या दिशेला येतात. त्या सिलिंडरचा पिस्टन हेडजवळ आणावा, ऑइल टाकावे, दोन मिनिटे थांबावे, फ्लायव्हील हाताने दोन-तीन फेरे फिरवावे आणि मग मशीन खाली घेऊन मोजावे.

दुसरी अडचण प्रमाणाची आहे. नेहमी सांगितले जाणारे चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर ऑइल लहान सिलिंडरमध्ये टाकले तर रिंगांचा काही संबंध नसतानाही आकडा वाढतो, कारण वरची मोकळी जागाच तेवढी कमी होते. १५ अश्वशक्तीपर्यंतच्या मशीनला अर्धा चमचा पुरे. शिवाय तेवढेच ऑइल चांगल्या सिलिंडरमध्येही टाकून मोजावे. चांगला सिलिंडर ११० वरून ११८ वर आणि वाईट ८४ वरून १०६ वर गेला, तर वाढीतला फरक रिंगांकडे बोट दाखवतो. दोन्ही आठ-आठनेच वाढले तर ऑइलने फक्त जागा भरली आहे, रिंगांबद्दल काहीही सिद्ध झालेले नाही.

हवा भरून गळती ऐकणे

पंक्चर काढणाऱ्याकडचा कॉम्प्रेसर आणि प्लगच्या आट्यांत बसणारा जोड मिळाला तर गळतीची जागा थेट ऐकता येते. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत उपयोगी आहे. ज्या सिलिंडरची तपासणी करायची त्याचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणावा आणि फ्लायव्हील पक्के धरून ठेवण्याची सोय करावी. वर आलेल्या ७०३ सीसीच्या, ४० अश्वशक्तीच्या मशीनचा बोअर ८० मिलिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. ७ किलोच्या दाबाला त्यावर साडेतीनशे किलोचा भार येतो. पिस्टन टोकावरून जरासा सरकलेला असला तर फ्लायव्हील झटक्यात फिरते आणि त्यावर ठेवलेला पाना उडतो किंवा बोटे चिरडतात. म्हणून दाब दीड-दोन किलोपेक्षा जास्त देऊ नये. ऐकण्यासाठी तेवढा पुरतो.

हवा सोडल्यावर पुढील जागा पाहाव्यात. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून हवा येत असेल तर दोघांमधले गॅस्केट गेले. हेडच्या कडेला साबणाचे पाणी लावल्यावर फुगे आले तर गॅस्केट बाहेरच्या बाजूला गळते. मशीन पिंपात असेल आणि मशीन थंड करणाऱ्या पाण्याची धार जिथून बाहेर पडते त्या छिद्रातून किंवा पाण्यातून बुडबुडे येऊ लागले, तर गॅस्केट किंवा हेड पाण्याच्या वाटेकडे फुटले आहे. मात्र एक्झॉस्टही खाली पाण्यातच उघडतो, तेव्हा बुडबुडे नेमके कुठून येतात हे नीट पाहावे. एक्झॉस्टच्या बाजूने हवा जोरात जात असेल तर रिंगा, बोअर किंवा पिस्टन. रिंगांवरून निसटलेली थोडी हवा क्रँककेसमध्येही जाते, पण रीड व्हॉल्व्ह आतल्या दाबाने बंद होतात, त्यामुळे ती सहसा कार्बोरेटरमधून बाहेर येत नाही. तिथूनही ऐकू आली तर रीडची पातीही खराब आहेत, असा दुसरा दोष हाती लागला. किंचित फुसफुस प्रत्येक मशीनमध्ये असते, म्हणून आवाजाची तुलना नेहमी दुसऱ्या सिलिंडरशी करावी.

याच वेळी प्लगच्या भोकातून मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घालून पाहावे. पिस्टनच्या माथ्यावर भोक, कडेला किडल्यासारखी झीज, बोअरमध्ये एक्झॉस्ट पोर्टच्या बाजूला उभे ओरखडे, खालच्या बाजूला गंज, हे सगळे हेड न काढता दिसते.

रिंगा नुसत्या चिकटल्या असतील तर

ऑइलच्या मोजणीत आकडा चांगला वाढला, कॅमेऱ्यात बोअर गुळगुळीत दिसला आणि पिस्टनच्या माथ्यावर काळा जाड थर असेल, तर रिंगा कार्बनने खाचेत अडकल्या असण्याची शक्यता मोठी आहे. हा दोष मशीन न उघडता पुष्कळदा जातो, म्हणून इथे घाई करू नये. एक्झॉस्टचे बाजूचे झाकण, किंवा जुन्या जॉन्सन-एव्हिनरूड बनावटीच्या मशीनमध्ये असलेले बायपासचे झाकण, सहज निघत असेल तर पोर्टमधून रिंग दिसते. लाकडी काडीने ती हलकेच दाबून पाहावी. मोकळी रिंग दबते आणि परत येते. चिकटलेली हलत नाही.

उपाय असा: मशीन गरम करून, वर उचलून, एका वेळी एका सिलिंडरचा पिस्टन हेडजवळ आणून प्लगच्या भोकातून कार्बन विरघळवणारे द्रव्य टाकावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी भोकांवर फडके ठेवून, प्लग न लावता, दोरी अनेकदा ओढून सगळे द्रव्य बाहेर काढावे. हे न करता प्लग लावले तर द्रव्य दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग जुनेच प्लग लावून मशीन पाण्यात मध्यम वेगाने अर्धा तास चालवावे, धूर पुष्कळ येईल, आणि त्यानंतर नवे प्लग घालून पुन्हा मोजणी करावी. आकडा वाढला पण पुरेसा नाही, असे झाले तर हाच प्रयोग आणखी एकदा करण्यात अर्थ आहे.

कार्बन का साचला, हे मात्र शोधलेच पाहिजे. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मोटारसायकलचे टू-टी ऑइल. ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते आणि जळल्यावर राख सोडते. आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे, राख न सोडणारे ऑइल लागते. प्रमाण ५०:१ असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर.

हेड काढताना

गॅस्केटचा संशय असेल किंवा कॅमेऱ्यात ओरखडे दिसले असतील तरच हेड काढावे. खाऱ्या पाण्यात चाललेल्या मशीनवर हे काम सगळ्यांत धोक्याचे असते, कारण ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये पोलादी बोल्ट मिठाने धरलेले असतात आणि जोर लावला की डोके तुटून धड आत राहते. आदल्या दिवशीपासून गंज सोडवणारे तेल मुरवावे, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोके द्यावेत, बोल्टभोवतीचे ॲल्युमिनियम गरम हवेने तापवावे आणि आधी किंचित घट्ट करून मग सैल करावा. बोल्ट रबरासारखा पिळतो आहे असे हाताला जाणवले की तिथेच थांबून पुन्हा तापवावे. तापवताना पेट्रोलची टाकी आणि नळी दूर हवी.

हेड निघाल्यावर काहीही पुसण्याआधी गॅस्केट नीट पाहावे. दोन सिलिंडरमध्ये काळी जळकी रेघ असेल तर दाब तिथून जात होता. मग हेडवर सरळ पट्टी आडवी-तिडवी ठेवून खाली फीलर गेज (बारीक फट मोजण्याची पातळ पट्टी) घालून पाहावे. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर हेड वाकले आहे. थोडी फट असल्यास जाड सपाट काचेवर ४०० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हेड आठच्या आकड्यासारखे फिरवत सपाट करता येते. जास्त असल्यास लेथवाल्याकडून फेस मारून घ्यावा. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये, आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलमधल्या टॉर्कने, दोन टप्प्यांत घट्ट करावेत.

पिस्टन आणि बोअर काय सांगतात

ओरखडे कुठे आहेत, यावरून कारण कळते. एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे म्हणजे तिथे ऑइलचा थर टिकला नाही: ऑइल कमी पडले किंवा मशीन तापले. पिस्टनच्या चार कोपऱ्यांसारख्या ठिकाणी खुणा असतील तर थंड मशीन सुरू होताच पूर्ण वेगाने पळवले गेले आणि पिस्टन बोअरपेक्षा आधी फुगला. माथ्याला भोक किंवा वितळलेली कड म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, ठिणगीचे टायमिंग पुढे सरकलेले किंवा चुकीच्या उष्णता-क्रमांकाचा प्लग. एकच सिलिंडर गेला असेल तर त्या बाजूला स्वतंत्र कार्बोरेटर असल्यास त्याचा जेट (पेट्रोल येण्याचे बारीक छिद्र) आणि त्या बाजूचा क्रँक सील तपासावा. गळक्या सीलमधून जास्तीची हवा शिरते आणि तेवढाच सिलिंडर कोरडा चालतो. दोन्ही तापले असतील तर इंपेलर, थर्मोस्टॅट आणि मिठाने बुजलेल्या पाण्याच्या वाटा पाहाव्यात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते आणि मिश्रण किंचित कोरडे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असलेले, करते, त्यामुळे बंदीच्या काळात टाकीत राहिलेले पेट्रोल ऑगस्टमध्ये वापरू नये.

बोअरवर चिकटलेले चंदेरी पट्टे दिसले म्हणजे बोअर फाटला, असे समजू नये. पुष्कळदा ते पिस्टनचे ॲल्युमिनियम लोखंडी स्लीव्हवर चिकटलेले असते. ते काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने फक्त त्या पट्ट्यावर लावतात. ॲल्युमिनियम फसफसून निघते, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच ऑइल लावतात. हे मोकळ्या हवेत, चश्मा आणि हातमोजे घालून करावे आणि ॲसिडचा थेंबही ब्लॉकच्या ॲल्युमिनियमवर पडू देऊ नये. त्यानंतर नखाला ओरखडा लागला नाही तर हलक्या होनिंगवर (बोअर बारीक घासून सारखा करण्यावर) काम भागू शकते.

अंतिम निर्णय मोजमापावरच करावा. बोअर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजावा. यामाहाच्या टू-स्ट्रोक मशीनमध्ये साधारणपणे वर-खालचा फरक ०.०८ मिलिमीटर आणि गोलाईतला फरक ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतो. त्यापुढे गेल्यास बोअरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात, पण आधी पिस्टन हातात घ्यावा आणि मगच टर्नरकडे ब्लॉक द्यावा, कारण बोअर त्या पिस्टनच्या मापाने करायचा असतो. भाग मिळतात का, हेही आधी विचारावे. एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, आणि जुन्या मॉडेलचे ओव्हरसाइज पिस्टन शोधण्यातच हंगाम निघून जाऊ शकतो. बोअर मर्यादेत असेल तर फक्त रिंगा बदलाव्यात. नवी रिंग बोअरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून तिच्या तोंडांमधली फट मोजावी. बसवताना तोंडे खाचेतल्या बारीक खुंटीवर आली पाहिजेत. खुंटी चुकली तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते आणि नवा बोअर पहिल्याच ओढीला जातो.

जोडणी झाल्यावर इंपेलर नवा घालावा, पहिले दहा तास मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे ऑइल दुप्पट ठेवावे (५०:१ च्या मशीनला २५:१) आणि पूर्ण थ्रॉटलवर फार वेळ चालवू नये. दहा तासांनंतर त्याच गेजने, गरम मशीनवर, दोन्ही सिलिंडर पुन्हा मोजून आकडे तारखेसह कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा हेच आकडे तुलनेला जास्त उपयोगी पडतील.